आत्मवृत्त, पण स्वतःचं

दहावीच्या मराठीत आत्मवृत्ताचा निबंध असतो. नदीचं आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचं मनोगत, पडक्या वाड्याची कैफियत, पूरग्रस्ताचं मनोगत, शेतकऱ्याचं मनोगत. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी हे निबंध लिहिले, मीही लिहिले. नाशिकच्या मुलांना नदी घरचीच, त्यामुळे आमच्या वर्गातल्या निम्म्या वह्यांत गोदावरी स्वतः बोलायला लागायची. पुढे चौतीस वर्षं मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, परदेशातल्या किंवा देशातल्या काही विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून त्यांचे निबंध वाचते आहे. या नऊ वर्षांत एक गोष्ट लक्षात आली आणि ती इतकी समोर होती की आधी दिसली नाही याचं वाईट वाटतं. आपल्या शाळेत झाडाला, छत्रीला, नाण्याला, नदीला आत्मवृत्त असतं. लिहिणाऱ्या मुलाला मात्र नसतं. दहा वर्षांत एकदाही त्याला कुणी विचारत नाही की बाळा, तुझं काय?

आणि मग सतराव्या वर्षी, अर्जाच्या शेवटच्या पानावर, परक्या भाषेत, नेमकं तेच विचारलं जातं.

हे पुस्तक त्या एका पानाबद्दल आहे. यात नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या एकोणीस मुलामुलींचे निबंध आहेत. मूळ निबंध इंग्रजीत होते. मुलांनी ते स्वतः मराठीत पुन्हा लिहून काढले, कारण घरच्यांनी ते वाचावेत अशी त्यांची इच्छा होती. यातल्या बहुतेक घरांत आईवडिलांनी अर्जाची फी भरली, कर्जासाठी सातबारा आणि पगाराच्या स्लिपा जमवल्या, विमानतळावर सोडायला गेले. पण आपल्या मुलाने स्वतःबद्दल, आणि पुष्कळदा आपल्याबद्दल, काय लिहिलंय ते त्यांनी वाचलेलं नव्हतं. नावं छापलेली नाहीत, तेही मुलांनीच ठरवलं.

आधी व्यवहाराचं सांगून टाकते. आपल्याकडे प्रवेश म्हणजे आकडा. बारावीचे गुण, सीईटीचं पर्सेंटाइल, कॅप राउंड, कट-ऑफ. या पद्धतीबद्दल मला आदर आहे. आकडा कुणाच्या मुलाला किती छान बोलता येतं हे बघत नाही, आणि आपल्या समाजात ही लहान गोष्ट नाही. पण जगात सगळीकडे असं नाही. अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा सामायिक अर्ज घेतात. १९७५ पासून ही व्यवस्था आहे. त्यातल्या निबंधाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द. सात प्रश्न दिलेले असतात आणि सातवा म्हणजे ‘तुमच्या मनाचा विषय घ्या’. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देतं, त्यांतल्या चारांची उत्तरं प्रत्येकी ३५० शब्दांत द्यायची. ब्रिटनच्या ‘यूकास’च्या अर्जात ४००० अक्षरांचं निवेदन असतं, रिकाम्या जागाही त्यात मोजल्या जातात. २०२६च्या प्रवेशांपासून त्याचे तीन ठरलेले प्रश्न केले आहेत. तिथे भर तुमच्या आयुष्यावर नसतो, तुम्हाला तो विषय का शिकायचा आहे आणि त्यासाठी काय तयारी केलीत यावर असतो. मुलं इथे हमखास घोळ करतात. आजीची गोष्ट ब्रिटनला पाठवतात आणि अभ्यासाची यादी अमेरिकेला. आपल्या देशातही सोनीपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम अशी विद्यापीठं निबंध मागतात. व्यवहार एवढाच. तो कुठेही वाचायला मिळेल, त्यासाठी पुस्तकाची गरज नव्हती.

गरज आहे ती विषयासाठी. पहिल्या भेटीत मुलं जे विषय घेऊन येतात ते आता मला पाठ झालेत. सामन्यात पाय मोडला आणि जिद्दीने पुन्हा उभा राहिलो. लॉकडाउनमध्ये स्वतःला ओळखलं. डॉ. कलामांचं पुस्तक वाचलं आणि आयुष्य बदललं. गोदाघाटावर एक दिवस स्वच्छता मोहीम केली. डिसेंबरात सुरगाणा-पेठकडच्या पाड्यावर ब्लँकेटं वाटली. हा शेवटचा विषय वाचताना मला त्रास होतो. त्यात पाडा असतो, कडाक्याची थंडी असते, कृतज्ञ डोळे असतात आणि एकाही माणसाला नाव नसतं. मी विचारते, ज्या आजींना ब्लँकेट दिलंस त्यांचं नाव काय? त्यांच्या घरात चूल कुठे होती? पाणी कुठून आणतात त्या? मूल गप्प होतं. ब्लँकेट दिलं हे चांगलंच केलं, आणखी द्या. पण ज्या माणसाचं नाव विचारायचं आपल्याला सुचलं नाही, त्याच्या गरिबीवर आपला प्रवेश मागू नये. एवढं मी स्पष्ट सांगते आणि त्यावर माझी तडजोड नाही.

मात्र विषय शिळा असतो असंही नाही, बघणं शिळं असतं. आजोबांचं जाणं हा तर सर्वांत जास्त वापरलेला विषय. नाशिकरोडची एक मुलगी तोच घेऊन आली होती. दवाखाना, नळ्या, शेवटचा हात हातात, आणि शेवटी ‘त्यांनी मला जगायला शिकवलं’. मी तिला विचारलं की आजोबा हाताने काय करायचे? ती म्हणाली, काही नाही, प्रेसमध्ये होते.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. तिथे सरकारचे दोन छापखाने आहेत. १९२५ साली सुरू झालेलं भारत प्रतिभूती मुद्रणालय, जिथे पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट छापतात, आणि १९२८चं चलार्थ पत्र मुद्रणालय, जिथे नोटा छापतात. त्या भागात आजोबा, वडील आणि मुलगा असे तिघेही प्रेसमध्ये अशी घरं आहेत. या मुलीच्या आजोबांचं काम छापलेल्या कागदातले दोष शोधायचं होतं. मग ती बोलायला लागली. घरात आलेला कुठलाही नवा कागद आजोबा आधी उजेडासमोर धरायचे. लग्नपत्रिका, विजेचं बिल, कॅलेंडरचं पान. तिचं सातवीचं प्रगतिपुस्तक त्यांनी खिडकीत नेऊन उजेडात धरलं, गणिताच्या रकान्यातला शाईचा डाग तिला दाखवला आणि परत दिलं. गुण वाचलेच नाहीत. ती रडली होती त्या दिवशी. आता तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं, म्हणजे आकड्यांतली चूक शोधायचं शास्त्र, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी आहेत हे तिला माझ्यासमोर बसल्यावर दिसलं. निबंधात दवाखाना एका वाक्याचा उरला. बाकी सगळा निबंध खिडकीत उभ्या असलेल्या एका माणसाचा आहे. या पुस्तकात तो सातवा आहे.

पहिला निबंध निफाड तालुक्यातल्या एका मुलीचा. तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय.

ती आली तेव्हा तिच्या फाइलमध्ये दहावीची एक वही होती. शेतकऱ्याचं मनोगत या निबंधाला तिला शाळेत सर्वांत जास्त गुण पडले होते, म्हणून तिने तो दाखवायला आणला होता. निबंध गाइडमधला होता, जवळजवळ शब्दशः. त्यातल्या शेतकऱ्याकडे सर्जा-राजाची जोडी होती, तो आभाळाकडे डोळे लावून ढगांची वाट बघत होता, दारात सावकार उभा होता. मी विचारलं, तुझ्या वडिलांकडे बैल आहेत? नाहीत. तिने बैलजोडी घरात कधी पाहिलीच नाही. द्राक्षबाग आहे, ट्रॅक्टर आहे, फवारणीचा ब्लोअर आहे. ढग आले की वडिलांना आनंद होतो? ती हसली. म्हणाली, मॅडम, ऑक्टोबरात ढग आले की आमच्या घरात कुणी जेवत नाही.

शेतकऱ्याच्या मुलीने शेतकऱ्याचं मनोगत लिहिलं, त्याला सर्वांत जास्त गुण मिळाले आणि त्यात तिचा बाप कुठेच नव्हता. हे ऐकल्यावर मी थोडा वेळ काही बोलू शकले नाही. तिची काही चूक नव्हती. तिला तसंच लिहायला शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत माझ्यासारखेच लोक होते.

तिने अर्जासाठी लिहिलेला पहिला खर्डा याच वळणाचा होता. लहानपणापासून मला विज्ञानाची प्रचंड ओढ आहे, असं पहिलं वाक्य. मी तो बाजूला ठेवला आणि तिला नुसतं बागेबद्दल बोलायला सांगितलं. तिला वाटलं मला द्राक्षशेतीची माहिती हवी आहे, म्हणून ती माहिती सांगू लागली, आणि माहिती सांगता सांगता विषय आला.

द्राक्षाच्या वेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी, आणि ऑक्टोबरची फळासाठी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवरचे डोळे फुगतात, फुटतात, कोवळा पोंगा बाहेर येतो. त्या पोंग्यात बारीक हिरवी गाठ असते. ती घड असते किंवा बाळी असते. घड म्हणजे द्राक्षं. बाळी म्हणजे वेलाचा तो वळणारा तंतू, आधार शोधणारा, ज्याला फळ येत नाही. कधी कधी आलेला घडही जिरतो आणि त्याची बाळी होते. वर्षाची कमाई त्या दोनतीन दिवसांत कळते. वडिलांची जवळची नजर लवकर कमी झाली होती आणि बागेत चष्मा लावायची त्यांना सवय नव्हती. म्हणून चौथीपासून ही मुलगी शाळेच्या आधी त्यांच्या पुढे चालायची. ओळीओळीने, काडीकाडीने ती मोठ्याने सांगायची. घड, घड, बाळी, घड. वडील मागे खिशातल्या डायरीत रेघा ओढायचे.

ती आठवीत होती त्या वर्षी बाळ्याच निघाल्या. एका ओळीत सलग अकरा. मागे पेन्सिलीचा आवाज थांबला होता. बाराव्या काडीला ती म्हणाली, घड. मग तेराव्यालाही म्हणाली. चौदाव्यालाही. तिन्ही बाळ्या होत्या. वडिलांनी तीन रेघा ओढल्या. चार दिवसांनी त्यांना त्या आपल्या डोळ्यांनी दिसल्या. ते तिला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला न उठवता, आजीचा चष्मा लावून, एकटेच बागेत गेले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा मोजलं.

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती खाली बघत होती. म्हणाली, पण हे कसं लिहिणार, यात तर मी खोटं बोललेय.

तिचा निबंध तोच आहे. ६३८ शब्द. तीन खोट्या रेघा, आणि त्यानंतर तिने एका कृषी पदवीधराला विचारून समजून घेतलेली गोष्ट की ऑक्टोबरात जो घड आपण शोधतो त्याचं होणं-न-होणं आधीच उन्हाळ्यात, एप्रिलच्या छाटणीनंतरच्या दोन-सव्वादोन महिन्यांत काडीच्या आत ठरलेलं असतं. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन किती पडलं, ढग किती राहिले, यावर. म्हणजे तिने ज्या दिवशी खोटं सांगितलं त्या दिवशी खरं बदलणं कुणाच्याच हातात नव्हतं. तिला वनस्पतिशास्त्र का शिकायचंय हे तिने कुठेही ‘ओढ’ किंवा ‘आवड’ हे शब्द न वापरता सांगितलं. भाषेचा एक प्रश्न आला होता. काडीच्या डोळ्याला इंग्रजीत ‘बड’ म्हणतात. तिने विचारलं, मी ‘आय’च लिहू का? आम्ही डोळाच म्हणतो आणि हा निबंध डोळ्यांचाच आहे. मी म्हटलं, लिही. बाळी हा शब्दही तिने तसाच ठेवला आणि एका ओळीत समजावला.

अर्जाचा निबंध ही काही आजची, अमेरिकेतून परवा आलेली गोष्ट नाही. मराठी माणसाने तो फार पूर्वी लिहिला आहे, आणि लिहिणारी अठरा वर्षांची मुलगी होती. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, सासर आपल्या शेजारच्या संगमनेरचं. १८८३च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि २८ जून १८८३ रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. हे पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेलं आहे. आलेल्या प्रत्येक मुलाला मी ते वाचायला लावते.

त्यात काय आहे आणि काय नाही, दोन्ही बघण्यासारखं आहे. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. इंग्रजी किती वर्षं शिकलो ते सांगितलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इतक्या दूर आलो, तो निर्धारच पुढे उपयोगी पडेल असं म्हटलं. आणि कशासाठी आलो ते एका नेमक्या गोष्टीवर आणून ठेवलं. माझ्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. या बाईचं मूल तिच्या वयाच्या चौदाव्या वर्षी दहा दिवसांत गेलं होतं. त्या दुःखातून ती वैद्यकाकडे वळली असं तिच्या चरित्रांत येतं. पण पत्राचा भार तिने त्या बाळावर टाकलेला नाही. तिला प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ला ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला, बावीस वर्षांची व्हायच्या आत, पुण्यात वारली.

हे मी सांगते कारण आजकाल मुलांच्या कानावर पडतं की दुःख लिहा, दुःखाला प्रवेश मिळतो. घरात कर्ज असेल, आजार असेल, बापाचं पिणं असेल, तर ते बाहेर काढा. आईवडिलांचं म्हणणं याच्या अगदी उलट असतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी या दोन्हींच्या मधे उभी आहे, पण खरं सांगायचं तर आईवडिलांकडे थोडी जास्त झुकलेली. एका मुलाच्या घरात खूप काही घडलं होतं. त्याने मला ते सांगितलं आणि म्हणाला, हे लिहायचं नाहीये, तुम्हाला फक्त माहीत असू द्या. त्याने सायकलीवरून रोज त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना मोजलेल्या वडाच्या झाडांवर लिहिलं, रस्ता रुंद करताना एकेक झाड कसं कमी झालं त्यावर. सतरा वर्षांच्या मुलाला आपली मूठ बंद ठेवण्याचा पूर्ण हक्क आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक इथे नोंदवते. पंचवटीत राहणारा एक मुलगा होता. बोलताबोलता कळलं की त्याचे पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला सुरू झालेला, दादासाहेब गायकवाडांनी इथे राहून वर्षानुवर्षं चालवलेला तो सत्याग्रह. मी म्हटलं, अरे, एवढा विषय घरात असताना तू दुसरं काय शोधतोस? दोन आठवडे मी त्याच्या मागे लागले होते. तिसऱ्या भेटीत तो शांतपणे म्हणाला, मॅडम, ते पणजोबांचं आहे. ते मी मानतो, पण ते त्यांनी केलंय. मी काय केलंय ते विचारा ना.

त्याच्या वडिलांचं एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तो सहावीपासून तिथे बसतो. एका फोनमध्ये वेगवेगळ्या लांबीचे बारीक स्क्रू असतात. चुकीच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर आतलं बोर्ड जातं. म्हणून तो कागदावर फोनची आकृती काढायचा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावून ठेवायचा. असे चारशेच्या वर कागद त्याच्याकडे होते. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी वर्षं. पुढे पुढे आजूबाजूच्या दुकानांतले लोक त्याच्याकडे कागद मागायला यायचे. हा निबंध त्या कागदांचा आहे आणि मी सुचवलेल्या विषयापेक्षा तो शंभर पटींनी चांगला आहे. गंमत बघा, खुद्द बाबासाहेबांनी स्वतःबद्दल लिहिलं तेव्हाही हेच केलं होतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मकथनात पहिली हकिगत आहे ती १९०१ सालच्या एका प्रवासाची. लहान मुलं साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं, जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, रात्री प्यायला पाणी मिळत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या त्या माणसाने अस्पृश्यतेची व्याख्या न देता एक बैलगाडी आणि पाण्याचं भांडं दाखवलं. स्वतःच्या अंगावरून गेलेलं. पणजोबांचं ऋण मान्य करूनही तो मुलगा त्याच वाटेने गेला, आणि मी मधे उभी होते.

विषय घरातून येतो याला आमच्या नाशिककडचा जुना पुरावा आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. शाळा नाही, अक्षरओळख लग्नानंतर घरीच. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेली ‘स्मृतिचित्रे’ वडिलांच्या सोवळ्यापासून सुरू होतात, आणि मराठीतलं पहिल्या प्रतीचं गद्य म्हणून आजही वाचली जातात. त्यांना कुणी विषय दिला नव्हता.

विकत मिळणाऱ्या निबंधांबद्दल जास्त लिहीत नाही. एका सल्ला कार्यालयातून आलेले दोन निबंध मी एकाच महिन्यात वाचले. घरं वेगळी, मुलं वेगळी, आणि दोघांच्या आज्यांनी मरताना तंतोतंत एकच वाक्य सांगितलेलं. आता यंत्रही लिहून देतं. यंत्राने लिहिलेला मजकूर आपला म्हणून पाठवणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणूक धरलं जातं. पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तेराव्या काडीला ती मुलगी घड का म्हणाली, हे तिच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला ते माहीत नाही तो ते लिहिणार कसं?

या निबंधांनी प्रवेश मिळाले का, हे सगळे विचारतात. एकोणीसपैकी तेरा जणांना ज्या ठिकाणी जायचं होतं त्यांतल्या एखाद्या ठिकाणी मिळाला. सहा जणांना नाही मिळाला. ते इथेच शिकताहेत, आणि त्यांतल्या दोघांचे निबंध मला या पुस्तकातले सर्वांत चांगले वाटतात. निबंध चांगला म्हणजे प्रवेश नक्की असं मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही. गुण लागतात, पैसे लागतात, पुष्कळदा शिष्यवृत्ती लागते, आणि बाकी आपल्या हातात नसतं.

निफाडच्या त्या मुलीला तिच्या यादीतल्या दुसऱ्या विद्यापीठाने घेतलं. वडिलांनी तिचा निबंध पहिल्यांदा वाचला तो या पुस्तकासाठी तिने मराठीत लिहिलेला खर्डा. तिने तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तीन दिवस त्यांचं उत्तर नव्हतं, म्हणून तिने घाबरून मला फोन केला. चौथ्या दिवशी त्यांनी डायरीच्या एका जुन्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर शेवटच्या तीन रेघांना बारीक गोल केलेला होता. त्यांना ते त्याच दिवशी कळलं होतं.

पालकांना एक विनंती आहे. घरात कुणी अकरावी-बारावीचं असेल तर हे पुस्तक त्याच्या हातात देण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. आणि मग त्याला, निबंध झाला का, असं विचारू नका. आपल्या घरात तुला काय दिसतं, असं विचारा, आणि तो सांगेल ते मधे न बोलता ऐका.